जुन्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की एएमडीचं आरएक्स ५८०? आणि मायनिंगला (म्हणजे कार्डावर दिवसरात्र गणितं करवून क्रिप्टो चलन मिळवायला) वापरलेलं कार्ड खरंच टाळावं का?

आरएक्स ५८०, ८ जीबीवालं. मॉनिटर १०८०पी आहे, दोन्ही कार्डं वापरलेलीच आहेत आणि १०६० जरा महाग पडतंय असं तुम्ही लिहिलंय. मग विचार करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

एवढं लिहून मी पुढे गेले असते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही मित्राचं वाक्य टाकलंत, "मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, फुकट मिळालं तरी घेऊ नकोस." हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी आमच्या भाऊजींच्या तोंडून ऐकत आलेय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. कॉम्प्युटरमधलं त्यांना कळतं, हे मी नाकारत नाही. घरात कुणाचं काही बंद पडलं की तेच उघडून बघतात. पण त्यामुळे झालंय असं की त्यांनी एकदा मत दिलं की विषय संपतो. १०६० त्यांनी २०१६ मध्ये, आलं त्याच वर्षी घेतलं, ६ जीबीचं. कार्ड उत्तम आहे. १२० वॉटमध्ये काम भागतं, सहा पिनची एक वायर पुरते, पंखा फिरतोय की नाही हे कान देऊन ऐकावं लागतं. वाद कार्डाचा नव्हताच. त्यानंतर जगात दुसरं कार्ड निघालंच नाही, असं जे ते वागायचे, त्याचा होता.

मी ५८० घेतलं ते मायनिंगचा बाजार उठल्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि रॅकवरून उतरवलेली कार्डं ढिगाने विकायला आली. माझ्या विकणाऱ्याने काही लपवलं नाही. मायनिंगला होतं, चालू आहे, बघून घ्या, म्हणाला. मी घेतलं. भाऊजींना कळल्यावर ते म्हणाले, "पैसे उतू चालले होते तर मला द्यायचे." ताई हसली. मी गप्प बसले, कारण कार्ड अजून लावलेलंही नव्हतं.

लावलं. चित्र आलं, विंडोज सुरू झालं. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) टाकला, स्क्रीन दोनदा मिचकली आणि पुन्हा त्याच जाड्याभरड्या रेझोल्युशनवर येऊन बसली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ४३. ड्रायव्हर काढून परत टाकला, तेच. फोटो पाठवल्यावर भाऊजींचं निदान एका शब्दात आलं, "गेलं."

कार्ड गेलेलं नव्हतं. मायनिंगवाले ५८० च्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या त्याच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, हात घालतात. मेमरीचं प्रत्येक वेगाला एक टायमिंग ठरलेलं असतं, आणि कमी वेगाला असतं ते जास्त आवळलेलं. ते उचलून वरच्या वेगाला चिकटवलं की मायनिंगचा आकडा वाढतो. अशाने मेमरी अधूनमधून चुकते, पण मायनिंगमध्ये त्याने बिघडत नाही. एखादं उत्तर चुकलं तर तेवढं बाद होतं, पुढचं चालू. गेममध्ये त्याच चुकीला स्क्रीनवर रंगीत ठिपके उठतात, नाहीतर गेम आपटतो. शिवाय बायोसमध्ये फेरफार झाला की त्याची सही जुळत नाही आणि विंडोजमधला एएमडीचा ड्रायव्हर कार्ड चालवायला नकार देतो. कोड ४३ हा त्या नकाराचा आकडा आहे. एवढं कळायला कार्ड उघडावंही लागत नाही.

उपाय तर कार्डाच्या कडेलाच होता. बऱ्याच ५८० वर दोन बायोस असतात आणि वरच्या कडेला एक बारीकसं बटण असतं, नखाने सरकवायचं. माझ्या कार्डावर ते धुळीत इतकं बुजलं होतं की आधी ब्रशने झाडावं लागलं. पीसी बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवलं, चालू केला, ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. मायनिंगवाल्याने एकाच बायोसला हात लावला होता, दुसरा कारखान्यातून आला तसाच होता. (सगळ्या ५८० वर हे बटण नसतं. नसेल तर मूळ बायोस शोधून कार्डात पुन्हा भरावा, म्हणजे फ्लॅश करावा लागतो. तो नेमक्या त्याच मॉडेलचा आणि त्याच कंपनीच्या मेमरीचा हवा. सॅमसंगची मेमरी असलेल्या कार्डात हायनिक्सवाला बायोस घालू नका. आणि असलेला बायोस आधी सेव्ह करून ठेवा.)

भाऊजींना कळवलं. म्हणाले, "बघ किती दिवस चालतंय."

तेव्हा मात्र मी ते उघडलं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती, पुसताना भुगा पडत होता. मेमरीवरचे थर्मल पॅड तेल सोडून कडक झाले होते. पॅड बदलताना जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे घ्या. जाड पॅड लावले तर हीटसिंक मधल्या चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. एका पंख्याचं बेअरिंग घरघरत होतं, तो पंखा बदलला. बस. चिपला काहीही झालेलं नव्हतं, आणि यात नवलही नाही. मायनिंगमध्ये कार्ड कमी व्होल्टेजवर, एकाच तापमानाला सलग चालतं. गेममध्ये ते तासात चार वेळा तापतं आणि चार वेळा गार होतं. सोल्डरच्या सांध्यांना सततचा बेताचा ताप तितका जाचत नाही, असं तापणं-निवणं जाचतं. मायनिंगमध्ये झिजतात ते पंखे, पेस्ट आणि पॅड, म्हणजे बदलता येणाऱ्या वस्तू. तुमच्या मित्राला हे वाचून दाखवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, वेगाचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोन्ही कार्डं एकाच पीसीत, भाऊजींच्याच, आलटूनपालटून लावली. प्रोसेसरवरून नंतर भांडण नको म्हणून. पहिला गेम त्यांनी निवडला, जीटीए ५. हा डायरेक्टएक्स ११ चा गेम (डायरेक्टएक्स आणि व्हल्कन म्हणजे गेमने कार्डाशी बोलायच्या पद्धती), आणि तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून काम काढून घेण्यात पहिल्यापासून तरबेज. १०६० थोडं पुढे गेलं. भाऊजींनी चहा सांगितला.

मग मी रेड डेड रिडेम्प्शन २ लावला, व्हल्कनवर. ५८० नुसतं पुढे नव्हतं, डोळ्यांना दिसेल इतकं पुढे होतं. गावात घोडा पळवताना १०६० ची जी ओढाताण होत होती ती ५८० वर झालीच नाही. "तो गेमच धड बनवलेला नाही," भाऊजी म्हणाले.

गेम धड आहे. पीएस ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही कन्सोलांत एएमडीचीच ग्राफिक्स चिप होती, ५८० च्या घराण्यातली. त्यामुळे त्या पिढीतले मोठे गेम त्या रचनेला धरून लिहिले गेले. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन आल्यावर ५८० मधली आधी पडून राहणारी ताकद वापरात आली. कागदावर बघा, १०६० ची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) १९२ बिटची, सेकंदाला १९२ जीबी. ५८० ची २५६ बिटची, सेकंदाला २५६ जीबी. २०१६-१७ च्या गेममध्ये हा फरक दिसला नाही म्हणून दोन्ही कार्डं बरोबरीची ठरली, आणि अजूनही लोक तेच जुने निष्कर्ष पुढे करतात.

आणि मेमरी. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं बारीक चित्र) हे एकच सेटिंग असं आहे जे वाढवलं तर चिपवर फारसा भार पडत नाही, पण व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, लागते. जुन्या कार्डावर सावल्या, पाणी, गवत सगळं खाली आणावं लागतं, तेव्हा चित्र जरा बरं दिसावं म्हणून हातात टेक्स्चरच उरतं. तिथे ८ जीबीवाला वर ठेवू शकतो, ६ जीबीवाल्याला हात आखडावा लागतो. "६ जीबी १०८०पीला पुरेशी आहे" हे भाऊजींचं वाक्य २०१७ मध्ये बरोबर होतं. तुम्ही कार्ड आज घेताय.

नावावर जाऊ नका. १०६० चं ३ जीबीचंही कार्ड येतं. त्यात नुसती मेमरी कमी नाही, कोअरही १२८० ऐवजी ११५२ आहेत, नाव मात्र तेच. ते घेऊ नका, कितीही स्वस्त असो. ५८० मध्येही गोम आहे. २०४८एसपी म्हणून जे मिळतं ते आतून ५७० आहे, खऱ्या ५८० त २३०४ शेडर (एएमडीच्या भाषेतले कोअर) असतात. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडायचा आणि हे आकडे बघायचे. १०६० च्या नावाने फर्मी या एनव्हिडियाच्या बऱ्याच जुन्या पिढीतली चिप विकण्याचे प्रकारही भरपूर झाले. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे सरळ 'फेक' लिहून मोकळं होतं. विकणारा अर्धा तास जड लोड लावून तापमान आणि पंखे बघू देत नसेल तर दुसरा विकणारा बघा.

"एएमडीचे ड्रायव्हर भिकार असतात" हे भाऊजींचं राखीव अस्त्र, तुमचा मित्रही ते काढेलच. ५८० चे ड्रायव्हर २०२३ च्या अखेरीपासून फक्त गरजेपुरत्या अपडेटवर आहेत, हे खरं आहे. पण १०६० कुठे वेगळं आहे? एनव्हिडियाने १०६० च्या पास्कल पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या अपडेट. म्हणजे त्या बाबतीत दोघंही पेन्शनीत निघाले. उलट लिनक्सवर जायचं मनात असेल तर ५८० चे ड्रायव्हर खुले आहेत, कंपनीने हात काढला तरी मेसा या खुल्या ड्रायव्हर प्रकल्पावरची मंडळी ते चालवत राहतात. कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करून वेग वाढवायच्या युक्त्यांपैकी एनव्हिडियाचं डीएलएसएस या दोन्ही कार्डांवर नाही, एएमडीचं एफएसआर दोन्हींवर चालतं, म्हणजे तिथेही १०६० ला वेगळं काही मिळत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. ५८० १८५ वॉटचं आहे आणि त्याला आठ पिनची वायर लागते, काही मॉडेलना आठ अधिक सहा. तुमचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) कुठला आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. कॅबिनेटबरोबर आलेला, बिननावाचा असेल तर ५८० त्यावर टांगू नका, आणि मोलेक्समधून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनच्या वायरमधून) जोड काढून तर मुळीच नाही. नवा एसएमपीएस घ्यावा लागला तर किमतीचं गणित १०६० कडे झुकतं, तेव्हा १०६० घ्या. स्ट्रीमिंग करत असाल तरीही १०६० घ्या, त्याचा व्हिडिओ एन्कोडर ५८० पेक्षा खरोखर चांगला आहे. प्रोसेसर जुना, कमी कोअरचा असेल आणि खेळता ते सगळे डायरेक्टएक्स ११ चेच गेम असतील, तर भाऊजींचा जीटीए ५ चा मुद्दा तुम्हालाही लागू होतो. मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए असलेला असेल तर दोन्ही कार्डांना चिप असलेला कन्व्हर्टर लागेल, साधा डीव्हीआयचा तुकडा चालणार नाही. आणि मॉनिटर फ्रीसिंकचा (कार्डाच्या वेगाशी स्वतःचा वेग जुळवून घेणारा) पण एचडीएमआयनेच जोडणार असाल, तर फ्रीसिंक ५८० वरच मिळेल. १०६० ला त्यासाठी डिस्प्लेपोर्ट लागतो.

२०२४-२५ चे सगळे गेम चालतील या आशेने मात्र दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. इंडियाना जोन्सचा गेम किंवा डूम: द डार्क एजेस यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची कार्डातलीच सोय) लागतं, ते या दोघांतही नाही. तेच गेम खेळायचे असतील तर थोडे पैसे साठवून आरटीएक्स मालिकेतलं किंवा आरएक्स ६६०० सारखं काहीतरी वापरलेलं बघा.

माझं ५८० अजून चालू आहे. भाऊजींनी मध्यंतरी १०६० काढून नवं कार्ड घेतलं, तेव्हा किती जीबीचं घेतलं हे मी मुद्दाम ताईला विचारून घेतलं. १२.