“घरात सगळं बंद केलंय, तरी चोरून खातो”

समुपदेशक म्हणून गेली काही वर्षं पालकांकडून एक तक्रार मी सतत ऐकते आहे. “मॅडम, बिस्किटं, वेफर्स, चॉकलेट घरात आणणंच बंद केलंय. तरी हा बाहेर मिळेल ते खातो, वर खोटं बोलतो.” अभ्यासासाठी किंवा मोबाइलसाठी म्हणून आलेले आईवडीलही बोलता बोलता इथेच येऊन पोहोचतात. म्हणून एका घराबद्दल सविस्तर सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. कुटुंब डोंबिवलीचं, आई बँकेत, वडील फिरतीवर, घरी आजोबा. गादीखाली क्रीम बिस्किटांचे रिकामे कागद सापडले होते. वर्गातल्या एका मुलीच्या डब्यातला केक न विचारता खाल्ला म्हणून शाळेतून चिठ्ठी आली होती. आईने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद होता, वाढदिवसाला जाताना “केकला हात लावायचा नाही” अशी ताकीद मिळत होती आणि आजोबांच्या खाऊवर बंदी होती.

“इतकं करूनही हा असा का वागतो?” त्यांनी विचारलं.

“इतकं केल्यामुळेच,” मी म्हटलं.

त्यांना ते रुचलं नाही. पण हे माझं नुसतं मत नाही. फिशर आणि बर्च या संशोधकांनी १९९९ मध्ये लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक खाऊ मुलांच्या नजरेसमोर ठेवायचा, पण तो घेण्यावर बंधन घालायचं. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, तोच मागू लागली. बंदीने ओढ कमी होत नाही, वाढते. आणि घरात बंदी असली की मूल खाणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं. आईवडिलांचं खरं नुकसान तिथे होतं.

मुलाशी मी एकट्याने बोलले. खाण्याचा विषय काढलाच नाही. “आई बँकेतून घरी आली की पहिलं काय विचारते?”

“आज काय खाल्लंस.”

“मग?”

“मग म्हणते, दप्तर दाखव.”

“आणि मग?”

“मग आजोबांना विचारते, मी खरं बोलतोय का.”

तक्रारीचा सूर नव्हता. शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं तो सांगत होता. त्याची परवानगी घेऊन मी हेच प्रश्न आईसमोर पुन्हा विचारले. त्याची उत्तरं ऐकून आई म्हणाली, “मी दुसरं काहीच विचारत नाही?” त्याने खरोखर आठवून पाहिलं. “रविवारी विचारतेस. अभ्यास झाला का.”

पुढच्या भेटीला त्या एकट्याच आल्या आणि इतके दिवस न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. त्यांच्या स्वतःच्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह होता. पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग बदलताना याच शेजारी उभ्या असायच्या. “माझ्या मुलावर ही वेळ येता कामा नये. आली तर ती माझी चूक असेल.”

या वाक्यावर मी थांबले. सगळा गुंता तिथेच होता. माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची आहे. आपल्याला घटना अस्वस्थ करत नाही, तिच्याबद्दलची आपली ठाम समजूत अस्वस्थ करते, असं तो सांगतो. बिस्किटाचा कागद ही घटना. “मूल आजारी पडलं तर मी आई म्हणून नापास” ही समजूत. रोजची उलटतपासणी त्या समजुतीतून येत होती.

“एक बिस्कीट आणि बाबांचा अंगठा यांच्यामध्ये काय काय आहे?” मी विचारलं.

त्या सावकाश मोजत गेल्या. आनुवंशिकता, वजन, बसून काम, टाळलेल्या तपासण्या, चुकवलेल्या गोळ्या, आणि कितीतरी वर्षं.

“मग एका बिस्किटाने तो आजारी पडेल? आणि ते अडवलंत तर नक्की वाचेल?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी रोज संध्याकाळी बाबांचा आजार त्याच्या दप्तरात शोधतेय.”

हे त्यांना त्यांचं सापडलं, याचा मला आजही आनंद आहे. मी ते सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा दप्तर उघडलं असतं. काळजी आणि भीती वरून सारख्या दिसतात. काळजी करणारी आई संध्याकाळच्या खाण्याची सोय बघते. घाबरलेली आई झडती घेते. मुलाला हा फरक आपल्या आधी कळतो.

त्यानंतरचं काम सोपं होतं. दप्तर तपासणं आणि आजोबांकडून खातरजमा करणं पूर्ण बंद. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी मी त्यांना सांगितली, सगळ्याच पालकांना सांगते: काय द्यायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे मुलाने.

विचारपूस केल्यावर कळलं, हा मुलगा शाळेतला डबा खाल्ल्यावर थेट रात्री जेवत होता. मधल्या वेळात त्याला खरीखुरी भूक लागत होती! पाच वाजता थालीपीठ, धिरडं, उकडलेलं अंडं किंवा केळं-शेंगदाणे मिळू लागल्यावर निम्मी मारामारी तिथेच संपली. आजोबांचा खाऊ बुधवारी सुरू झाला, दोघांनी एकत्र बसून, उघडपणे खायचा. “भाजी संपव, मग चॉकलेट” हे वाक्य घरातून गेलं. त्या वाक्याने भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस. पहिले काही दिवस मूल अधाशासारखं खातं, याची कल्पना मी आधीच देते. तेव्हा घाबरून पुन्हा कुलूप लावू नका.

मोकळीक म्हणजे हिशेब सोडणं नव्हे. २ ते १८ वर्षांच्या मुलांनी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी खावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे जेमतेम ६ छोटे चमचे. ३३० मिलीच्या कोलाच्या एका कॅनमध्येच साधारण ३५ ग्रॅम असते. पाकिटावरच्या साखरेच्या ग्रॅमला ४ ने भागा, चमचे कळतील. दुधात घालायच्या ‘पौष्टिक’ पावडरीचा डबाही एकदा वाचा. गूळही याच हिशेबात धरायचा, त्याला सवलत नाही. दातांच्या दृष्टीने गोड किती वेळा तोंडात जातं हे फार महत्त्वाचं. दिवसभर एकेक गोळी चघळण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच गोड खाल्लेलं बरं.

हा हिशेब मोठ्यांनी खरेदी करताना करायचा, मुलाच्या घासागणिक नाही. राहिलेली ताकद शाळेसाठी वापरा. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावं. त्या लढाईत मूल समोरच्या बाजूला नसतं.

काही आठवड्यांनी आई सांगत आली. मुलगा आपणहून म्हणाला होता, “आई, आज मित्राच्या डब्यातला अर्धा केक खाल्ला.” ओठांवर आलेलं गिळून त्यांनी विचारलं, “कसा होता?” तो दहा मिनिटं बोलत राहिला, केकबद्दल कमी, मित्राबद्दल जास्त. साखर शून्यावर आली नव्हती. माझ्या लेखी काम झालं होतं.

काही गोष्टी मात्र समुपदेशनावर सोडू नका. मूल सारखं पाणी पितंय, वारंवार लघवीला जातंय, भरपूर खाऊनही वजन उतरतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या. मुलांमधला टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्यामुळे होत नाही, त्यामुळे तेव्हा कुणाचा दोष शोधत बसू नका. आणि मूल खाऊन मुद्दाम उलटी करत असेल, किंवा पोट दुखेपर्यंत खाऊन नंतर रडत असेल, तर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा.