सिटीच्या बिल्डिंग परमिटच्या यादीतून रंगकामाची कामं मिळतात का?

मिळतात, पण तुम्ही जसं विचारलंय ("अमेरिकेत भावाबरोबर घरं रंगवायचा धंदा सुरू केलाय, सिटीच्या वेबसाइटवर परमिटची यादी फुकट दिसते, त्यातून पेंटिंगची परमिटं कशी काढायची आणि लीडच्या (संभाव्य गिऱ्हाइकांची नावं विकणाऱ्या) पेड साइटचे पैसे भरावेत का") त्यातच घोळ आहे. पेंटिंगचं परमिट नसतंच हो. घरांसाठी बहुतेक ठिकाणी आयआरसी नावाचा बांधकामाच्या नियमांचा कोड थोड्याफार फरकाने वापरतात आणि त्यात रंग, वॉलपेपर, टाइल, कार्पेट, कॅबिनेट असल्या फिनिशिंगच्या कामांना परमिटमधून सूट आहे. मी पण याच धंद्यात आहे, सुरुवातीला दोन आठवडे सर्च बॉक्समध्ये 'पेंट' टाकून बसलो होतो आणि हाताला काय लागलं तर गाड्या रंगवायच्या एका वर्कशॉपचा स्प्रे बूथ.

तर यादीत आपलं काम शोधायचं नाही, आपल्या आधी कोण भिंतीला हात लावतोय ते शोधायचं. किचन फोडून मोठं करणार, बेसमेंट फिनिश करणार, मागे एक खोली वाढवणार, प्लंबर सगळे पाइप बदलणार, यातल्या प्रत्येकात शेवटी नवीन ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे बोर्ड) लागतं आणि ड्रायवॉल लागलं की रंग लागतोच. आपले शब्द म्हणजे रिमॉडेल, अॅडिशन, बेसमेंट फिनिश, अल्टरेशन, ड्रायवॉल, बाहेरच्या रंगासाठी सायडिंग (बाहेरच्या भिंतीवरचं आवरण). छप्पर बदलण्याची परमिटं ढिगाने दिसतील, ती सोडून द्या, त्यातून आपल्याला फारसं काही येत नाही. दुकान किंवा ऑफिस घेणारा नवीन भाडेकरू आतलं काम करून घेतो त्याला 'टेनंट इम्प्रूव्हमेंट' किंवा 'बिल्डआउट' म्हणतात, ते मात्र जरूर बघा, कारण त्यांना उघडायची तारीख गाठायची असते आणि रंगाला ते जास्त घासाघीस करत नाहीत.

यादी कुठे मिळेल ते सिटीवर आहे. शिकागोच्या डेटा पोर्टलवर २००६ पासूनची सगळी परमिटं आहेत, कामाचं वर्णन, सांगितलेला खर्च आणि कॉन्ट्रॅक्टरच्या नावासकट, फिल्टर लावा आणि एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल उतरवून घ्या. सिअॅटल, ऑस्टिन, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क यांचं पण असंच आहे. लहान गावांत एवढं नसतं, एकेक पत्ता टाकून बघावं लागतं, नाहीतर सरळ बिल्डिंग डिपार्टमेंटला मेल करून विचारायचं की महिन्याचा परमिट रिपोर्ट मिळेल का. बऱ्याच ठिकाणी तो तयारच असतो, कोणी मागत नाही म्हणून पडून असतो. अॅरिझोनासारख्या राज्यात मात्र रेकॉर्ड धंद्यासाठी मागताय तर तसं लिहून द्यावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे लागू शकतात, खोटं बोलू नका.

आता यात एक रकाना फसवा आहे, खर्चाचा. खूप सिट्यांमध्ये परमिटची फी त्या आकड्यावर ठरते म्हणून लोक तो दाबून लिहितात. बाथरूमचा आकडा बघून 'छोटं काम आहे' म्हणून मी एक सोडलं होतं, नंतर कळलं की अख्खं घर आतून उघडलं होतं. वर्णन वाचा, आकडा सोडा.

आणि खरी गोष्ट तारखेची आहे, इथे बहुतेक लोक चुकतात. परमिट निघालं त्या दिवशी फोन केला तर समोरच्याच्या डोक्यात रंग नसतोच, त्याच्या डोक्यात काँक्रीट असतं. परमिट निघणं म्हणजे काम सुरू झालं असंही नाही, आयआरसीप्रमाणे १८० दिवसांत सुरू केलं नाही तर परमिट रद्द होतं आणि काही लोक तितके दिवस बसूनच काढतात. म्हणून यादीपेक्षा मी इन्स्पेक्शनचं पान जास्त बघतो. त्याच परमिटच्या पानावर खाली कुठली तपासणी कधी पास झाली ते असतं, आधी फाउंडेशन, मग भिंतीच्या आतलं प्लंबिंग-वायरिंग ज्याला 'रफ-इन' म्हणतात, मग फ्रेमिंग म्हणजे भिंतींचा सांगाडा, मग इन्सुलेशन. इन्सुलेशन पास झालं की भिंती बंद व्हायला लागतात, म्हणजे साधारण दोन-चार आठवड्यांत कोणीतरी ब्रश घेऊन उभा पाहिजे. आपला फोन रफ-इन आणि इन्सुलेशनच्या मधे गेला पाहिजे. फायनल म्हणजे शेवटची तपासणी पास झालेली दिसली तर विसरा, तिथे कोणीतरी रंगवून पैसे घेऊन घरी गेलाय.

फोन कोणाला करायचा? नवीन माणूस घरमालकाच्या मागे लागतो, मी पण लागलो होतो, दीडशे पत्रं टाकली त्यातून दोन फोन आले आणि त्यातला एक 'माझं नाव तुला कुठून मिळालं' म्हणून झापायला होता. मालकाने जनरल कॉन्ट्रॅक्टर (सगळं काम अंगावर घेणारा मुख्य ठेकेदार, थोडक्यात जीसी) ठेवलाय म्हणजे पेंटर पण तोच आणणार. मग यादी उलटी वाचायची, पत्त्याने नाही तर कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने सॉर्ट करायची. वर्षभराची फाइल घ्या, तुमच्या भागात कोणाची नावं परत परत येतात आणि त्यातही आधी वर्षाला दोन कामं होती ती आता महिन्याला दोन झालीत असा कोण आहे ते बघा, कारण त्याचा नेहमीचा पेंटर आता पुरा पडत नसणार. अशाच एकाला मी फोन केला आणि फक्त एवढंच म्हटलं की अमुक रस्त्यावरच्या तुमच्या कामाचं रफ-इन पास झालेलं दिसतंय, पेंटर ठरलाय का, नसेल तर उद्या येऊन कोटेशन देतो. तेव्हा ठरलेला होता. तीन आठवड्यांनी त्याचा तो पेंटर आलाच नाही आणि मला फोन आला, तेव्हापासून त्याची कामं माझ्याकडे आहेत.

घरमालकाला थेट गाठायचं ते एकाच वेळी, जेव्हा कॉन्ट्रॅक्टरच्या जागी मालकाचंच नाव असतं, त्याला 'ओनर-बिल्डर' म्हणतात. हा माणूस प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे सगळे सब-कॉन्ट्रॅक्टर स्वतः गोळा करतो आणि अर्ध्यात दमलेला असतो. त्याला पत्र टाका, हाताने पत्ता लिहिलेलं, आणि परमिटचा उल्लेख सरळ करा, लपवाछपवी केली की लोकांना जास्त खटकतं. मात्र पत्र तिकीट लावूनच, मी एकदा पत्रकं लोकांच्या मेलबॉक्समध्ये हाताने टाकत फिरलो होतो आणि पोस्टमननेच पकडून सांगितलं की हा फेडरल गुन्हा आहे, दंड होतो. घराच्या फोनवर कॉल करण्याआधी 'डू नॉट कॉल' यादी (विक्रीचे फोन नकोत असं नोंदवलेले नंबर) तपासा, ती २००३ पासून आहे आणि लोक खरंच तक्रार करतात, कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या धंद्याच्या नंबरवर फोन करायला ती अडचण नाही. आणि वर्णनात 'फायर डॅमेज' दिसलं तर मालकाच्या दारात जाऊ नका प्लीज, त्याचं घर जळलंय, कामाचं काय ते त्याच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोला.

अजून एक, पत्ता मिळाला की काउंटीच्या प्रॉपर्टी रेकॉर्डवर घर कधी बांधलं ते बघून घ्या. १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पैसे घेऊन तिथे एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त, किंवा बाहेरून २० पेक्षा जास्त रंगवलेला भाग खरवडायचा असेल तर तुमची फर्म ईपीएकडून (सरकारी पर्यावरण खातं) सर्टिफाइड लागते, २०१० पासूनचा नियम आहे. तुमच्याकडे नसेल तर आधी करून घ्या, एक दिवसाचं ट्रेनिंग आणि फर्मचा अर्ज. जुन्या वस्तीत जीसी पहिला प्रश्न हाच विचारतो, तो फोनवर तुम्हीच आधी सांगितलात की पुढचं बोलणं सोपं जातं.

पेड साइटचं विचारलंत तर माझं मत, आत्ता नको. ते तीच सरकारी यादी स्वच्छ करून विकतात आणि तुमच्या भागातल्या इतर पेंटरना पण तीच विकतात, सगळ्यांचे फोन एकाच सकाळी जातात. चार-पाच गावांमधून काम करायला लागलात आणि प्रत्येकाचं पोर्टल वेगळं उघडायचा कंटाळा आला की घ्या. तोपर्यंत सोमवारी सकाळी तासभर, नवीन परमिटं एका शीटमध्ये, जुन्यांची इन्स्पेक्शन बघून पुढे सरकवायची, आणि त्या आठवड्यात पाच-सहा फोन. भावाला बसवा या कामाला, ज्याला शिडीवर चढायचा कंटाळा आहे त्याला.