जाड पोळ्यांचा करार

चि. — यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं सात पानी पत्र तू मोबाइलवर पाठवलंस. सुनेकडून त्याची प्रत छापून घेतली, कारण हातात लाल पेन असल्याशिवाय मला काही वाचता येत नाही. 'परिस्थिती'तला 'रि' तू अजूनही दीर्घच काढतोस. आठवीत काढायचास तसाच.

आता मुद्द्याचं. एकतिसाव्या वर्षी हिंजवडीतली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून तुला शिक्षक व्हायचंय आणि दिवाळीनंतर राजीनामा द्यायचाय. "बाई, तुम्हीही असंच केलं होतं ना," असं म्हणून तू मला आधीच तुझ्या बाजूला बसवून टाकलंस. केलं होतं खरं. 1996 साली, तेहतिसाव्या वर्षी, पतसंस्थेतली कारकुनी सोडून मी बीएड केलं. पण ते कसं केलं हे तुला कुणी सांगितलेलं नाही. सांगते. आधी तुझी दिवाळी मात्र खोडते.

तुझी नोटीस 90 दिवसांची. दिवाळीनंतर राजीनामा दिलास की जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मोकळा. बीएडची प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, साधारण मार्चच्या सुमारास असते, मग प्रवेशफेऱ्या, आणि वर्ग सुरू होईपर्यंत पावसाळा येतो. म्हणजे पाच-सहा महिने तू घरी बसून काय करणार? "अभ्यास" असं लिहू नकोस, मी तुला ओळखते. तेवढे महिने पगार घे. सीईटीचा अभ्यास नोकरी करून होतो. बीएड मात्र नोकरी करून होत नाही, हे नीट समजून घे. आता ते दोन वर्षांचं आहे, माझ्या वेळी एकच होतं. तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बीएड असतं ते आधीच शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी, तुझ्यासाठी नाही. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" म्हणणारी कॉलेजं तुला भेटतील. त्यांच्या दारातून परत फिर. वर्गात न बसता वर्ग घ्यायला शिकायचं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पैशाचं तू एका ओळीत उरकलंस: "सहा लाख सेव्हिंग आहे, निभेल." मी बसून हिशोब केला. फ्लॅटचा हप्ता 28 हजार, पाळणाघरासकट घरखर्च 30 हजार, तुझ्या बायकोचा पगार 34 हजार. दरमहा खड्डा 24 हजारांचा. चोवीस महिन्यांचे 5 लाख 76 हजार. यात फी नाही, आजारपण नाही, गावाकडची लग्नं नाहीत. बीएड संपेल त्या दिवशी तुझं खातं कोरडं असेल, आणि नोकरी त्या दिवशी लागत नसते.

ग्रॅच्युइटीचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. पाच वर्षांच्या वर नोकरी झाली की सोडताना कंपनी ती रक्कम देते. शेवटचा मूळ पगार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. तुझा मूळ पगार 40 हजार आणि वर्षं नऊ, म्हणजे दोन लाख सात हजारांच्या आसपास. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून तुझी आठ वर्षं सात महिने नऊच होतात. त्या पैशाला बीएड होईपर्यंत हात लावायचा नाही. पीएफ मोडायचा नाही. पेन्शनच्या भागाला दहा वर्षं लागतात, तुझी तेवढी होत नाहीत, तर ते पैसे काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट माग. पुढे पीएफ कापणारी नोकरी लागली तर ही वर्षं तिला जोडली जातात.

आणि विमा. कंपनीच्या पॉलिसीत तुझे आई-वडील आहेत ना? नोकरी सुटली की ते छत्र गेलं. वडिलांना साखर आहे. नवी पॉलिसी जुन्या आजाराला काही वर्षं थांबायला लावते, म्हणून राजीनाम्याच्या आधी विमा कंपनीला विचार, ग्रुपमधून स्वतःच्या पॉलिसीत जाता येतं का. हे काम या आठवड्यात कर. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

वाचतोयस अजून? बरं.

तू पाच ध्येयं लिहिलीस. चौतिसाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रोज एक तास व्यायाम आणि पुढच्या वर्षी सातारा हिल मॅरेथॉन. मुलीला रोज दोन तास. महिन्याला एक इंग्रजी पुस्तक. आणि "वर्क-लाइफ बॅलन्स", जे ध्येय आहे की नवस, मला कळलं नाही.

पहिल्यापासून धरू. शिक्षकभरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी लागते ती पहिल्यांदा 2017 च्या डिसेंबरात झाली. त्यानंतरची कधी झाली? 2023 मध्ये. मग 2025 मध्ये. पाच वर्षांहून जास्त काळ पोरं डीएड-बीएडचे कागद फायलीत घालून बसली होती. सरकारी भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38. बीएड होईपर्यंत तू चौतिशीच्या उंबऱ्यावर असशील. तेव्हा तसाच खंड पुन्हा पडला तर तुझं वय निघून जाईल, आणि त्यात तुझी चूक रतीभरही नसेल. मग जे सरकारच्या वेळापत्रकावर चालतं ते तुझं ध्येय कसं? ती इच्छा आहे, असू दे. ध्येयाच्या वहीत मात्र तुझ्या हातातलं लिही. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, 150 पैकी 90 गुण लागतात, ते तुझ्या हातात आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीवर कोणत्या इयत्तेला कोणता विषय घेता येतो, हे भरतीच्या जुन्या जाहिराती काढून वाचणं तुझ्या हातात आहे. आणि लागलीच नोकरी, तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. पहिली ते आठवीला मानधन 16 हजार. 2023 च्या आधी सहाच हजार होतं, म्हणून लोक आता याला बरं म्हणतात. तुझ्या खड्ड्यात तेव्हाही दरमहा आठ हजार कमी पडतील.

म्हणून वाकडचा फ्लॅट भाड्याने देऊन साताऱ्याला यायचा विचार कर. भाड्यात हप्त्याचा काही भाग सुटेल. बीएड कॉलेज इथंही आहे आणि आजी-आजोबा कोरेगावात, वीस किलोमीटरवर. पण बायकोची नोकरी पुण्यात. तिला विचारलंस का? सात पानांत ती फक्त पगारापुरती आली आहे.

खाजगी शाळेत जायची वेळ आली तर अनुदानित, अंशतः अनुदानित की विनाअनुदानित, हे पहिल्या भेटीत विचार. लाजू नकोस. मी लाजले होते. पहिली अडीच वर्षं सहीचा आकडा एक होता आणि हातात पडणारा दुसरा. संस्थेचं नाव घेत नाही.

आता माझं बीएड. मुलगा सहा वर्षांचा. मी स्वयंपाकघराच्या कपाटावर वेळापत्रक चिकटवलं: साडेचारला उठणे, पाठांची टाचणं लिहिणे, डबा, कॉलेज, मुलाचा अभ्यास, रात्री वाचन. चौकटी आखून, रंगीत शाईने. अठरा दिवस टिकलं. एकोणिसाव्या दिवशी सरावपाठाला फळ्यासमोर उभी राहिले आणि कोणता धडा घ्यायचा तेच आठवेना. निरीक्षक बाई मागच्या बाकावर. मी पोरांना म्हटलं, "कालचं कोण सांगेल?" काल मी त्या वर्गावर नव्हतेच.

घरी येऊन रडले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोळ्या मी करते उद्यापासून. पण जाड झाल्या म्हणायचं नाही."

त्यांच्या पोळ्या खरंच जाड होत. आणि माझ्या पोळ्यांचं मला भारी कौतुक. यजमानांनी चौथ्या दिवशी ताटात बघून तोंड उघडलं तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते "मीठ द्या" म्हणाले. वर्षभर आम्ही जाड पोळ्या खाल्ल्या. तोल म्हणून जे काही मला त्या वर्षी सापडलं ते एवढंच: काय जाड झालं तर चालेल हे आधी बोलून ठरवायचं, आणि मग ताटावर बसून तक्रार करायची नाही. सगळं पातळ, गोल आणि वेळेवर हवं म्हणणाऱ्या बाईचा सरावपाठ पडतो.

तेव्हा तुझ्या पाचांतली दोन ध्येयं दोन वर्षांसाठी खोड. मॅरेथॉन पहिली. यवतेश्वरचा घाट कुठं जात नाही. इंग्रजी पुस्तकं दुसरी, बीएडची वाचून दमशील. व्यायाम म्हणशील तर कॉलेजला चालत जा. मुलीचे रोजचे दोन तास तुला जमणार नाहीत, आणि न जमल्याचं ओझं घेऊन अभ्यासाला बसशील ते वेगळंच. त्याऐवजी रोज रात्री तिला तूच झोपवायचं. वीस मिनिटं लागतील, पण परीक्षा असो, पाठ असो, तेवढं चुकवायचं नाही. पाचवं ध्येय कागदावरून काढूनच टाक.

आणि एक नवं लिही, खरं तर सगळ्यात वर. आत्तापासून राजीनाम्यापर्यंत दर शनिवारी पोरांसमोर उभा राहा. तुमच्या वाकड-हिंजवडीकडे बांधकामांवर मजुरांच्या मुलांचे वर्ग चालतात, महापालिकेच्या शाळा आहेत, मुख्याध्यापकांना भेट. तुला शिकवायला आवडतं असं तू लिहिलंस, कारण ऑफिसात नव्या पोरांना तू ट्रेनिंग देतोस. ती पोरं पगार घेऊन ऐकतात रे. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी चौथ्यांदा समजावून बघ. त्याला येत नसतं, शेजारचा त्याच्या पाठीत पेन खुपसत असतो, आणि बाहेर खिचडीचा वास सुटलेला असतो. त्याच शाळेतल्या एखाद्या शिक्षकाबरोबर एक दिवस सुट्टी काढून पूर्ण बस. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्यांचं काम, हे सगळं बघ. शिकवणं त्याच्या फटींतून करावं लागतं.

निदान आठ शनिवार भरू देत. मग वहीत लिही, कोणत्या शनिवारी जायचा कंटाळा आला आणि का. पहिल्या दोन शनिवारच्या आनंदावर मी विश्वास ठेवत नाही, सहाव्याबद्दल सांग. आठानंतर वाटलं की टेस्टिंग बरं, तर तसं स्पष्ट म्हण. तुझा हुद्दा बघून मी तुला कधी शिकवलं नव्हतं. आणि जायचं ठरलंच तर सीईटीच्या अर्जाची तारीख मी विचारेन. तू विसरतोस.

बायकोला हे पत्र वाचायला दे. तिच्या बाजूने काय जाड झालेलं चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे तिच्याच अक्षरात लिहून हवंय मला. तुझ्या शब्दांत नको.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी या, तिघंही. हिशोबाचा कागद आणि पॉलिसीची प्रत बरोबर आण. तुझ्या वडिलांनी यंदा वाघ्या घेवडा केला असेल तर दोन किलो घेऊन ये. मागचा गेल्या महिन्यात संपला, बाजारातल्याला ती चव नाही. पैसे देईन, घ्यायचे.

तुझ्या,
बाई