अरेबिका कॉफीची पानं पिवळी पडत असतील तर आधी खोड बघा

नमस्कार. सोलापुरात राहून कर्नाटकातल्या मुडिगेरेकडची सासऱ्यांची चार एकर कॉफी सांभाळताय, पाच वर्षांची एस-७९५ जातीची झाडं मधूनमधून पिवळी पडून मान टाकताहेत, कुणी युरिया वाढवा म्हणतंय आणि नर्सरीवाला 'हे काढा, गेशा जात लावा' म्हणतोय. हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि लिहायला बसलो. मीही सोलापूरचाच, कापडाच्या धंद्यातला. आईच्या माहेरची कॉफी चिकमगळूर जिल्ह्यात अकराशे मीटरच्या आसपास आहे, मामांबरोबर तीच बघतो. मी कृषितज्ज्ञ नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानं घ्या.

लागवड, खड्डे, छाटणी यात जात नाही, ते तुम्हाला ठाऊक असणार.

पान उलटं करून बघा. खाली नारिंगी भुकटी असेल तर तांबेरा. एस-७९५ वर तो येतोच, पावसाआधी आणि नंतर अर्धा टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारणारे लोक उगाच मारत नाहीत. भुकटी नसेल तर पान सोडा आणि खोडाशी बसा. सालीवर बोट फिरवलं की आतून फुगलेल्या आडव्यातिडव्या कडा लागतील. लागल्या की समजा पांढरा खोडकिडा. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना खोड पोखरणारा किडा काय करतो हे सांगायला नको. हा भुंगा सालीच्या फटीत अंडी घालतो, अळी आधी सालीखाली आणि मग लाकडात बोगदे करत जाते, आणि आत नऊ-दहा महिने काढते. पानं पिवळी दिसतात तेव्हा मुळाकडून येणारी वाट आत तुटलेली असते. तिथे युरिया ओतून काय होणार?

आता ज्याच्यामुळे आमचं सगळ्यात जास्त गेलं ते सांगतो. मामा पिवळी पानं पिशवीत घालून एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. साहेबांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही, लांबूनच 'नत्र कमी आहे' म्हणून चिठ्ठी लिहिली. मामांनी खोडाचा तुकडा नेला, तर 'हे आत आणू नका, टेबलावर भुसा पडतो.' मळ्यावर येऊन बघा म्हटलं तर अर्ज द्या. अर्जाला पहाणी जोडा (त्यांच्याकडचा सातबारा). पहाणी आजोबांच्या नावावर, म्हणून आधी वारसनोंद करून आणा. वारसनोंदीचं कार्यालय वेगळं, आणि तिथला माणूस निवडणुकीच्या कामावर. मधल्या काळात चिठ्ठीप्रमाणे खत टाकत राहिलो, एप्रिल उजाडला आणि भुंगे खोडातून बाहेर पडून शेजारच्या झाडांवर बसले. किडका झाडोरा मार्चमध्ये निघाला असता तर तेवढ्यावर निभावलं असतं. पुढच्या वर्षी सावलीचे सिल्व्हर ओक विरळ असलेली सगळी उघडी पट्टी गेली. सात-आठ वर्षांच्या आतलं झाड बहुधा त्याच साली मरतं, आणि नवं लावलं की पहिल्या फळाला तीन-चार वर्षं. पाहणीचं पत्र आलं तेव्हा दाखवायला तिथे खड्डे होते. असो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: कुणाच्या पाहणीची वाट बघू नका. भुंगे बाहेर पडण्याचे दोन हंगाम असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याआधी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येक झाडाचं खोड तपासा. कडा दिसलेलं झाड मुळासकट उपटा आणि जाळून टाका. सरपण म्हणून गोठ्यामागे रचून ठेवू नका, भुंगे तिथूनही निघतात. मजूर हमखास रचतात, लक्ष ठेवा. उरलेल्या झाडांची मोकळी साल काथ्यानं घासून काढा, म्हणजे अंड्यांना फट राहत नाही. वर खोडाला दहा टक्के चुन्याचं पाणी मारा. औषधाचं नाव आणि प्रमाण इथे विचारू नका, मी लिहिणार नाही.

आणि सावली. भुंग्याला भर ऊन आवडतं, म्हणून उघड्यावरची झाडं आधी जातात. जास्त माल लागावा म्हणून लोक सावली कापतात, ते मला कधीच पटलेलं नाही. तिथे पांगारा लावा, लवकर वाढतो. सिल्व्हर ओकवर मिरी चढवलीत तर वरची मिळकत. मोठी झाडं तोडायची असतील तर मात्र परवानगीचं आधी विचारा.

गेशाबद्दल थोडं कडवट लिहितो. २००४ मध्ये पनामाच्या स्पर्धेत ती गाजली तेव्हापासून प्रत्येक नर्सरीत गेशा आहे. पिशवीतलं रोप गेशाचं की कशाचं हे तुम्ही-आम्ही ओळखणार नाही. शिवाय माल कमी, आणि तीही अरेबिकाच, खोडकिडा तिला सोडत नाही. एस-७९५ मध्ये एस-२८८ आणि केंट या जातींचं रक्त आहे, चवीला चांगली उतरते. बदलायचीच असेल तर चंद्रगिरी जातीचा विचार करा, पण बियाणं बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेकडून घ्या. १९२५ पासूनचं ठिकाण आहे. (वरचं कार्यालय हे नव्हे.)

स्पेशालिटी (वरच्या दर्जाची) कॉफी म्हणजे चाखणीत शंभरपैकी ऐंशी किंवा वर. ते गुण जातीपेक्षा तोडणीत जास्त जातात. फक्त पिकलेली लाल फळं तोडायची तर एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि मजुराला किलोवर पैसे दिलेत तर तो हिरवीही ओढणार. आम्ही रोजंदारीवर देतो. वाळवून ओल दहा-अकरा टक्क्यांवर आणा, मीटर घ्या, दाताखाली दाबून बघण्यावर जाऊ नका. आणि माल सोलापुरात आणून मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका.

खाली एकानं मोहोळला शेडनेटमध्ये अरेबिका लावू का विचारलंय. नको ओ. तिला हजार ते दीड हजार मीटर उंची, पंधरा ते पंचवीस अंश हवा आणि सोळाशे मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो, मातीही जरा आंबट. आपली उंची साडेचारशेच्या घरात, माती काळी चुनखडीची आणि मे महिना आपला. हौस म्हणून कुंडीत एक झाड लावा.

तुम्ही आज मळ्यावरच्या माणसाला व्हिडिओ कॉल करून दोन-तीन पिवळ्या झाडांची खोडं जवळून दाखवायला सांगा, कन्नड येत नसेल तर सासऱ्यांना जोडून घ्या. कडा दिसल्या तर फोटो इथे टाका, पानांचे नकोत.