उत्तर आल्यावर तू काय करतेस?

अगं, तुझा मेल वाचला. मॅथ्स, फिजिक्स, इंजिनिअरिंग असे तीन रकाने, प्रत्येकाखाली स्कोप, पगार, किती अवघड, आणि शेवटी बेरीज केली तर तिघांना जवळपास सारखेच मार्क. आता मला विचारतेस यातलं काय शिकायला घेऊ. चिडून लिहितोय, माहितीये. पण हुशार पोरं असे तक्ते करत बसली ना, की मला मीच आठवतो आणि डोकं फिरतं.

मला एकच सांग. गणिताचं उत्तर आलं, पुस्तकात मागे बघितलं, बरोबर आहे. त्यानंतर तू काय करतेस?

म्हणजे बघ, पेंडुलम. एक मीटर दोरी, एका झोक्याचा वेळ टू पाय रूट एल बाय जी, दोन सेकंद, झालं. आता एखादी इथे अडून बसते की साइन थीटाच्या जागी नुसता थीटा (म्हणजे दोरीचा कोन) कुणाला विचारून लिहिला, आणि साइन तसाच ठेवून बघते तर इंटिग्रल सुटतच नाही, ९० अंशांवरून सोडला तर टाइम पिरियड १८ टक्के वाढतो, आणि तो इंटिग्रल ओळखीच्या फंक्शनमध्ये का बसत नाही हे कळेपर्यंत तिला चैन नाही. ती मॅथ्सची. दुसरी म्हणते ते सोड, यातलं वस्तुमान कुठे गेलं? जड गोळा, हलका गोळा, वेळ तोच, का? साधा प्रश्न नाहीये बरं हा, न्यूटनने सोनं, चांदी, शिसं असे वेगवेगळे पदार्थ घेऊन पेंडुलमवर तपासला होता, आणि आइन्स्टाइन गुरुत्वाकर्षणाकडे वळला तो हीच गोष्ट धरून. आणि तिसरी विचारते, घड्याळातल्या पेंडुलमचा स्टीलचा दांडा गरमीत वाढेल त्याचं काय? दहा डिग्रीला मीटरमागे ०.१२ मिलिमीटर, म्हणजे घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे. घड्याळं बनवणाऱ्या जॉन हॅरिसनने १८व्या शतकात पितळ आणि स्टीलचे दांडे असे उलटसुलट जोडले की एकाची वाढ दुसऱ्याने खाल्ली. ते चित्र बघून जिचे हात शिवशिवतात ती इंजिनिअर.

मी फिजिक्स घेतलं कारण ते 'मूलभूत'. इंजिनिअरिंग म्हणजे नटबोल्ट, असं लोकांना तोंडावर ऐकवायचो. थिअरीत, म्हणजे नुसत्या कागदावरच्या फिजिक्समध्ये, साडेपाच वर्षं घासली, आणि त्यातली सगळ्यात आनंदाची रात्र कुठली विचारशील तर शेजारच्या लॅबमधल्या व्हॅक्यूम चेंबरची गळती शोधायला हेलियम सोडत बसलो होतो ती. पहाटे एका ओ-रिंगवर (सांधा घट्ट बसवणारं रबरी कडं) केसाएवढा ओरखडा सापडला. उत्तर आल्यावर मी काय करायचो? कागद सारून काहीतरी खोलायला पळायचो. गाईडने एकदा हे बोलूनही दाखवलं, मला अपमान वाटला. आता उपकरणं बनवतो, आणि थिअरी केलीये म्हणून चांगली बनवतो, त्यामुळे वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही. (बायको म्हणते.)

फील्ड नंतर बदलता येतं, हे तू म्हणशीलच. येतं. फिजिक्सचं नोबेल मिळवलेला फाइनमन मॅथ्समधून इलेक्ट्रिकलमध्ये आणि तिथून फिजिक्समध्ये आला. तसाच दुसरा नोबेलवाला डिरॅक तर १९२१ मध्ये इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊन बसला, नोकरी मिळेना, म्हणून मॅथ्सकडे गेला. आणि अंदाजे उत्तर सहन करायला इंजिनिअरिंगने शिकवलं असं तोच पुढे सांगायचा. बघ, परत तेच, उत्तर आल्यावर त्याच्याशी तू कशी वागतेस!

तुझ्या मेलच्या तळाशी एक ओळ आहे, परवा फेकलेल्या चेंडूच्या गणितात हवेचा विरोध धरून बघत होते, त्या नादात जेवायचं राहिलं. तक्त्यात तिला एकही मार्क नाही! कशासाठी करत होतीस ते? समीकरण सुटतं का बघायला, की हवा नेमकी कसा विरोध करते ते कळायला, की चेंडू हवा तिथे पाडायला? नीट आठवून लिही. आणि तो तक्ता परत पाठवू नकोस.