पाळीचा इतिहास नीट विचारत जा

प्रिय डॉक्टर,

स्त्रीरोग विभागात रुजू झालीस, फार बरं वाटलं. ओपीडीतली गर्दी तुला घाईची सवय लावेल. पाळीचा इतिहास मात्र घाईत उरकू नकोस.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा एकट्याचा अंमल असतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. बीज सुटल्यावर तयार होणारं दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, त्या वाढीला लगाम घालतं, ते उतरलं की अस्तर गळून पाळी येते. बीजच सुटलं नाही तर वाढ चालूच राहते. म्हणून पीसीओएस (हॉर्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) असलेली मुलगी ‘चार-चार महिने पाळी येत नाही’ म्हणाली, तर ‘लग्नानंतर सगळं ठीक होईल’ असं सांगून तिला परत पाठवू नकोस. प्रोजेस्टेरॉन देऊन ठरावीक काळाने अस्तर गळू द्यायला हवं.

पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेन संपत नाही. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम अँड्रोजेनपासून, म्हणजे पुरुषी हॉर्मोनपासून, इस्ट्रोन हे एक प्रकारचं इस्ट्रोजेन बनवत राहतं; लठ्ठ बाईला धोका जास्त तो यामुळे. हे तिला समजावून सांग, वजनावरून बोल लावू नकोस. अमेरिकेत एकेकाळी पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन सर्रास देत. त्याने हा कॅन्सर कित्येक पटींनी वाढतो, हे १९७५ मध्ये छापून आलं. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, देतात.

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन हे औषध घेणारीलाही विचार. ते स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण अस्तरावर इस्ट्रोजेनसारखंच वागतं. पण तेवढ्यावरून ते बंद करायचं नाही, त्याचा तिला मोठा फायदा आहे. फक्त डाग दिसला तर लगेच ये, एवढं सांगून ठेव.

पाळी गेल्यावर अंगावरून थोडंसं जरी रक्त गेलं तरी तपासायचंच. आपल्याकडे बायका लाजेने महिनोन्‌महिने लपवतात, कुणी ‘पाळी परत आली’ समजतात. बहुतेकींना कॅन्सर नसतो, हे आधी सांग, मग सोनोग्राफी कर. अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासणी. त्याहून पातळ असूनही रक्त पुन्हा गेलं, तरीही बायोप्सी. सडपातळ बाईलाही हा कॅन्सर होतो, काही प्रकार हॉर्मोनवर चालतच नाहीत. आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का, हेही विचार. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा आणि अस्तराचा कॅन्सर ओढवणारा आनुवंशिक दोष, तिथे सापडतो.

केसपेपरवर ‘पाळी अनियमित’ एवढंच लिहू नकोस. किती महिन्यांनी येते, किती दिवस जाते, कधीपासून, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं लिही.

तुझी,
मॅडम