1600 मीटर पळून आल्यावर बीपी 178 का दाखवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 22, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. सकाळी 1600 मीटर पळून आल्या आल्या गावातल्या शिबिरात बीपी पाहिलं तर 178/72, अर्धा तास बसल्यावर 118/76. घरचे म्हणतात पळणं बंद कर. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की हृदय आणि रक्तवाहिन्या मिळून हा दाब वाढवतात तरी कसा.

पळणं बंद करू नका भाऊ, हे आधी सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. भरती निघाली की सडकेवर पळणारे पोट्टे घाम पुसत थेट आमच्याकडे येतात. "मॅडम, बीपी पाहून द्या ना." आकडा दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला, "काहून वाढलं बाप्पा एवढं?"

वरचा आकडा म्हणजे हृदय आवळून रक्त बाहेर ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा दोन ठोक्यांच्या मधला. तुमचा वरचा 60 ने चढला, खालचा मात्र उलट 4 ने उतरला. खरी गोष्ट इथेच आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 70 ठोके देतं आणि दर ठोक्याला 70 मिलीच्या आसपास रक्त सोडतं, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. जीव तोडून पळताना तुमच्या वयात ठोके 185 च्या घरात जातात, एका ठोक्याचं रक्त 110 मिलीपर्यंत वाढतं. गुणाकार केला तर 20 लिटर. दर ठोक्याला एवढं रक्त महाधमनीत जोरात घुसलं की वरचा आकडा चढणारच.

याची सुरुवात पाय उचलण्याच्या आधीच होते. रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या पोराच्या मनगटावर बोटं ठेवून पाहा, शिट्टी वाजायच्या आतच नाडी वाढलेली सापडते. मेंदू पायांना हुकूम सोडतो तेव्हाच हृदयालाही सोडतो. एरवी ठोके संथ ठेवणारा व्हेगस हा मज्जातंतू आधी ढिला पडतो. ठोके शंभरीपुढे जायला लागले की अंगाला धावपळीसाठी तयार करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था जोर धरते, सोबत अ‍ॅड्रिनलिन येतं. रक्त परत आणायचं काम पोटऱ्या करतात: दर पावलाला त्या आवळतात आणि शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे पिळून काढतात.

आता रक्तवाहिन्या. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू राबायला लागले की तिथे कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम, अ‍ॅडेनोसिन असे पदार्थ साचतात आणि त्यांच्यामुळे तिथल्या बारीक धमन्या सैल होऊन रुंदावतात. बसलेले असताना सगळ्या स्नायूंना मिळून रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो, पूर्ण जोरात पळताना 80 टक्क्यांच्या वर. संत्र्याच्या बागेत ठिबकचे सगळे कॉक एकदम उघडले तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसंच इथे व्हायला हवं होतं. होत नाही, कारण त्याच वेळी पोट, आतडी आणि मूत्रपिंडाकडच्या धमन्या आवळल्या जातात. तिकडचं रक्त पायांकडे वळतं. भरपेट जेवून पळालं की पोटात गोळा येतो, त्याला हेही एक कारण.

तुमच्याच आकड्यांचा ढोबळ हिशेब करा. सरासरी दाब (खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा) बसलेले असताना 90, पळाल्यावर 107. प्रवाह चौपट होऊनही दाब पाचव्या हिश्शानेही वाढला नाही, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एकूण अडथळा एक तृतीयांशाच्या खाली आला. खालचा आकडा चढला नाही तो त्यामुळे. ज्याला घरचे बिघाड समजतात ते खरं तर चांगलं चाललेलं काम आहे.

मेंदूला पायांची खबर लागते कशी, यावर 1937 सालचा अ‍ॅलम आणि स्मर्क या दोन संशोधकांचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी व्यायाम केलेल्या स्नायूचं रक्त पट्टा फुगवून तिथेच अडवून धरलं. व्यायाम थांबला, तरी पट्टा होता तोवर दाब चढलेलाच राहिला. पट्टा सोडला, दाब उतरला. स्नायूत साचलेले पदार्थच मज्जातंतूंमार्फत वर कळवत होते की रक्त कमी पडतंय, दाब वाढवा.

वजन उचलण्याचं गणित मात्र वेगळं. सोयाबीनचा कट्टा श्वास रोखून खांद्यावर घेता तेव्हा आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, छातीतला दाबही वाढतो, आणि वरचा-खालचा दोन्ही आकडे चढतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1985 साली पायांनी अवजड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून मोजलं, तर सरासरी 320/250 निघाला! तोही क्षणभरच, आणि ते धडधाकट तरुण होते. पण बीपीची गोळी चालू असलेल्या वडिलांना कट्टे उचलू देऊ नका. चालणं त्यांना चांगलं.

पळणं संपलं की धपकन बसू नका, पाचेक मिनिटं चालत राहा. धमन्या अजून उघड्या असतात आणि पोटऱ्यांचं पिळणं थांबलेलं असतं, त्यामुळे रक्त पायात साचून चक्कर येते. उन्हाळ्यात तर जास्तच, कारण अंग थंड ठेवायला कातडीकडेही रक्त गेलेलं असतं. पुढचे काही तास बीपी नेहमीपेक्षा थोडं कमीच राहतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? पळताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली तर लगेच. धावताना वरचा आकडा 210 च्या पुढे जात असेल तरी एकदा दाखवा. आणि बसलेल्या स्थितीत वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल तर नक्कीच. ते मोजताना पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. त्याआधी अर्धा तास चहा नाही आणि खर्राही नाही. तोंडात खर्रा धरून हात पुढे करणारे माझ्याकडे रोज येतात, त्यांना मी आधी चूळ भरायला लावते आणि अर्ध्या तासाने परत बोलावते.